रविवारचा पेपर

लॅम्बर्ट बाबांच्या अभ्यासिकेतून बाहेर आला तेव्हा आई मांसाचे काप करत होती. तो आपल्या जागेवर बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बातमी फुटली."

कोणती, हे विचारायची कुणालाच गरज नव्हती. गुरुवारी याच टेबलावर, टीना आत्याच्या पंचाहत्तरीचा केक कापून झाल्यावर, बाबांनी ती सगळ्यांना सांगितली होती. राष्ट्राध्यक्ष तीन आठवडे इस्पितळात होते आणि किरकोळ शस्त्रक्रिया म्हणून जे सांगितले जात होते ते किरकोळ नव्हते. बुधवारी तीन मंत्री बाबांच्या वॉशिंग्टनमधल्या घरी एक कागद घेऊन आले होते. राष्ट्राध्यक्ष कारभार चालवायला असमर्थ आहेत, असे त्या कागदावर लिहिले होते आणि त्याखाली पहिली सही उपाध्यक्षाची, म्हणजे बाबांची, लागत होती. बाबांनी सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला होता. "आपल्या माणसांत बोलतोय," असे ते शेवटी म्हणाले होते, आणि आईने काचेचे दार लावून घेतले होते.

आता ते सगळे वॉशिंग्टनच्या पेपरात पहिल्या पानावर आले होते. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून फोन होता. लॅम्बर्ट बाबांच्याच कचेरीत कामाला असल्यामुळे असले फोन त्याच्याकडेच येत. बातमीत म्हणे 'उपाध्यक्षांच्या निकटच्या व्यक्तीने' माहिती दिली असे छापले होते. चार वाजेपर्यंत त्या व्यक्तीचे नाव कळवा, संध्याकाळच्या बातम्यांआधी. नाहीतर आम्ही काय समजायचे ते समजू, असा निरोप होता.

"काय समजतील?" टीना आत्याने विचारले.

"बाबांनीच फोडली असं," लॅम्बर्ट म्हणाला. "राष्ट्राध्यक्ष बरे होऊन परत आले तर पुढच्या वर्षी बाबांना तिकीट नाही. संपलं सगळं."

 बाबांनी बटाट्यांवर रस्सा ओतून घेतला आणि वाडगा आत्याकडे सरकवला. आल्बेर्टा त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. तिने टेबलाभोवती नजर फिरवली. गुरुवारी इथे सहा माणसे होती आणि तीच सहा आत्ता होती: बाबा, आई, आत्या, भाऊ लॅम्बर्ट, ती आणि तिचा नवरा रसेल. आणि एक एक करून सगळ्यांच्या नजरा रसेलवर येऊन थांबत होत्या.

रसेल गेली अठरा वर्षे दे मॉईन शहरातल्या दैनिकात होता. मका, सोयाबीन आणि डुकरांच्या भावांचे पान तो पाहायचा. बातमीचा वास त्याला गुरांच्या बाजारातच यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण वर्तमानपत्रवाला तो वर्तमानपत्रवाला. शिवाय तो मेथडिस्ट पंथाचा होता, आणि या न्यू डॉकम गावात डच रिफॉर्म्ड सोडून दुसऱ्या चर्चला जाणाऱ्या माणसाकडे चौदा वर्षे जावई असूनही पाहुणा म्हणूनच पाहतात.

"माझ्याकडे काय बघताय?" रसेल म्हणाला.

"कुणी काही म्हटलं का?" लॅम्बर्ट म्हणाला. "पण गुरुवारी केक झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन लांबचा फोन कुणी लावला होता?"

तो फोन आल्बेर्टानेही ऐकला होता. कुणाला केलास, असे तिने त्या दिवशी विचारले होते. ऑफिसला, डुकरांचे भाव सांगायचे राहिले होते, असे तो म्हणाला होता. तिने पुढे विचारले नव्हते. आता तिला वाटले, विचारायला हवे होते. मग असे वाटल्याचीच तिला लाज वाटली. पण संशय एकदा घरात शिरला की लाजेने बाहेर जात नाही.

रसेलने तेच उत्तर दिले. डुकरांचे भाव. लॅम्बर्ट हसला. आईने सगळ्यांना वाढले, पण रसेलच्या ताटात काप टाकताना तिने नेहमीसारखे 'अजून एक?' असे विचारले नाही.

टीना आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केले नाही, चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले, आणि धाकट्या भावाला अजून 'ट्यून' म्हणत होती. ती म्हणाली, त्या तीन मंत्र्यांपैकी कुणी बोलले नसेल कशावरून? लॅम्बर्ट म्हणाला, निकटची व्यक्ती म्हणजे घरातली. आत्या म्हणाली, तूही घरातलाच आहेस आणि वॉशिंग्टनला तुझे मित्र पेपरवाल्यांबरोबर जेवतात. लॅम्बर्टचा चेहरा लाल झाला. आल्बेर्टाला हे पटण्यासारखे होते. बाबा मोठे झाले तर लॅम्बर्टही मोठा होणार होता. गावात तो आत्तापासूनच असा चालायचा की फुटपाथसुद्धा सरकारी असावा.

"पेपर ओसरीत पडलाय," ती म्हणाली. "वॉशिंग्टनची बातमी आपल्याकडच्या पेपरानंही घेतली असेलच. वाचून तरी बघू, नेमकं काय छापलंय ते."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "आज रविवार आहे."

न्यू डॉकममध्ये रविवारी शेतावर ट्रॅक्टर चालत नाही, दोरीवर कपडे वाळत नाहीत आणि रविवारचा पेपर सोमवारी उघडतात. तो पहाटे ओसरीतल्या पेटीत येऊन पडतो आणि तिथेच राहतो. बाबा पहिल्यांदा सिनेटवर गेले तेव्हा त्यांचा पानभर फोटो छापून आला होता, तोही या घराने सोमवारी न्याहरीलाच पाहिला. रसेलचा स्वतःचा पेपर, पण सासुरवाडीला आला की तोही पेटीला हात लावत नसे.

"फोन चाललेला चालतो का रे ट्यून?" आत्या म्हणाली. "देवाला फोन दिसत नाही वाटतं."

"फोन हे कर्तव्य आहे. पेपर वाचणं ही करमणूक," बाबा शांतपणे म्हणाले. "सगळ्या देशासाठी मी या घराचा नियम मोडला नाही, आता कुणाच्या समाधानासाठी मोडणार नाही."

असे वाक्य ऐकले की लोक टाळ्या वाजवत. आल्बेर्टाने लग्नाआधी सहा वर्षे ही वाक्ये टाइप केली होती, त्यामुळे तिला टाळ्या वाजवायची सवय नव्हती. बाबांनी, म्हणजे ट्यूनिस वासेनार यांनी, मक्याचे बियाणे विकून आयुष्य सुरू केले आणि तिच्या मते ते अजून तेच करत होते. शेतकऱ्याच्या अंगणात गाडी थांबवायची, आधी आजारी गायीची चौकशी करायची, मग पोते उतरवायचे. त्याच चालीवर ते आधी आमदार झाले, मग गव्हर्नर झाले आणि दोनदा सिनेटवर गेले. उपाध्यक्षपद मिळाले ते राष्ट्राध्यक्ष पूर्व किनाऱ्यावरचे श्रीमंत वकील होते आणि त्यांना मक्याच्या मुलखातली मते हवी होती म्हणून. निवडून आल्यावर मुलखाचे काम संपले. तीन वर्षांत बाबांच्या वाट्याला परदेशातल्या एकोणीस अंत्ययात्रा, चार धरणांची उद्घाटने आणि सिनेटमधली पाच मते आली. सिनेटचा अध्यक्ष असून उपाध्यक्षाला एरवी मत नसते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच त्याने तोंड उघडायचे. राष्ट्राध्यक्षाच्या तब्येतीची चौकशीसुद्धा जपून करायची. जास्त केली तर टपून बसलाय म्हणतात, कमी केली तर कृतघ्न. या नोकरीने बाबांना वाट बघायला शिकवले होते, आणि वाट बघणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे ते त्याच्या मुलीलाही कळत नाही.

लॅम्बर्ट एव्हाना मुद्द्यावर आला होता. चार वाजता एक नाव द्यायचेच आहे, तर रसेलने स्वतः फोन करावा. जेवताना ऐकलेले तोंडातून निघून गेले, सासऱ्यांना कल्पना नव्हती, एवढेच सांगायचे. दोन दिवस बोभाटा होईल आणि विसरतील लोक.

"लोक विसरतील," रसेल म्हणाला. "माझा संपादक विसरेल का? घरात एवढी बातमी असताना मी ती आपल्या पेपराला न देता वॉशिंग्टनच्या पेपराला दिली, असं मीच कबूल करायचं? सोमवारी सकाळी माझं टेबल रिकामं करतील. आणि दुसरा कुठला पेपर मला दारात उभा करेल?"

"केलं असेल तर भोगायला नको?"

"केलं असेल तर."

आई म्हणाली, "रसेल, कुणी तुला वाईट म्हणत नाही. पण ट्यूनिसचं तीस वर्षांचं काम आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आल्बेर्टाला बरे वाटले असते.

बाहेर गाडीत दोन सुरक्षारक्षक बसले होते. त्यांना कॉफी नेऊन देते म्हणून आल्बेर्टा उठली. कॉफी दिली, आणि परत येताना तिने ओसरीतली पेटी उघडली. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात रविवारी तिथे तिने पहिल्यांदाच हात घातला. पेपर घेऊन ती कोठीच्या खोलीत गेली, लोणच्याच्या बरण्यांसमोर उभी राहिली आणि रसेलसाठी घाबरत घाबरत तिने घडी उलगडली.

बातमी पहिल्याच पानावर होती. तीन मंत्री होते, बुधवार होता, कागद होता. आणि पुढे असे होते: उपाध्यक्षांनी तो कागद हातातही घेतला नाही. ते तत्काळ उठले, स्वतः दार उघडले आणि म्हणाले, 'सद्गृहस्थहो, माझा राष्ट्राध्यक्ष जिवंत आहे.' मंत्री मान खाली घालून निघून गेले.

तिने ते पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा.

गुरुवारी बाबांनी असले काही सांगितले नव्हते. कागद ठेवून घेतला, सोमवारपर्यंत वेळ मागितला, असे ते म्हणाले होते. त्या टेबलावरून कुणी बातमी फोडली असती, रसेलने, लॅम्बर्टने, अगदी आत्यानेसुद्धा, तर छापून आले असते की उपाध्यक्ष विचार करतो आहे. मंत्र्यांपैकी कुणी फोडली असती तर त्याने स्वतःला मान खाली घालायला लावली नसती. दार उघडल्याची गोष्ट एकाच माणसाला सांगता आली असती, कारण ती घडलीच नव्हती. आणि वाक्य तिच्या ओळखीचे होते. आधी सरळ सांगायचे आणि दोन दिवसांनी घासूनपुसून भाषणात घालायचे, ही बाबांची जुनी रीत. असली किती वाक्ये तिने कोऱ्या कागदावर उतरवली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तिच्याच माहेरी जेवणाच्या टेबलावर चालले होते. आणि सगळा भरवसा एका गोष्टीवर होता, की आज रविवार आहे. सोमवारी घरात पेपर उघडेपर्यंत रसेलचा फोन होऊन गेला असता आणि बाबा विमानात बसले असते. तिला रडू आले नाही. तिला राग आला, इतका की बरणीच्या झाकणावर ठेवलेला हात तिला उचलून घ्यावा लागला.

पेपराची घडी घालून, ती काखेत स्वेटरखाली धरून ती परत आली तेव्हा मतदान सुरू व्हायचेच होते. वासेनारांच्या घरी कुत्रा पाळायचा की नाही इथपासून सगळे मतानेच ठरत आले होते, आणि सिनेटमध्ये गेल्यापासून बाबांनी तिथलाच नियम घरात आणला होता. अध्यक्ष ते, मत बाकीच्यांना, बरोबरी झाली तरच त्यांना. जावयाला मत नाही. रसेल हे गमतीने सांगायचा, आज मात्र तो ताटातल्या वाटाण्यांकडे पाहत होता.

बाबांनी सुरीच्या मुठीने टेबलावर ठोकले. रसेलने फोन करावा, असा ठराव होता.

"लॅम्बर्ट?"

"हो."

"टीना?"

"नाही," आत्या म्हणाली. "पुराव्याशिवाय मी पोरांना परीक्षेतसुद्धा नापास केलं नाही."

"आल्बेर्टा?"

ती आत्ताच पेपर टेबलावर टाकू शकली असती. पण तिला पाहायचे होते. अजूनही मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटत होते, की वेळ आली तर बाबा रसेलला सोडवतील. ते फक्त वाट बघताहेत.

"नाही," ती म्हणाली.

"झीना?"

आईने हातरुमालाची घडी घातली. रसेलकडे न पाहता ती "हो" म्हणाली.

दोन आणि दोन. सगळ्यांनी बाबांकडे पाहिले.  त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सिनेटमध्येही ते असेच करत असत, गॅलरीतून तिने पाहिले होते.

"फार जड जातंय मला हे," ते म्हणाले. "हो."

आल्बेर्टाने पेपर काढला आणि रस्स्याच्या वाडग्याशेजारी पसरला. आईने आपले ताट मागे ओढून घेतले. लॅम्बर्ट काहीतरी म्हणणार तोच तिने वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, सावकाश, टाइप करताना बाबांना वाचून दाखवायची तसे. कागद हातातही घेतला नाही, तत्काळ उठले, स्वतः दार उघडले. माझा राष्ट्राध्यक्ष जिवंत आहे. ती थांबली.

"गुरुवारी यातलं एक अक्षर आम्ही ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "मग रसेलनं कुठून सांगितलं, बाबा?"

आत्याने हात पुढे करून पेपर आपल्याकडे ओढला, बोट ठेवून वाचला, आणि चष्म्यावरून भावाकडे पाहिले. लॅम्बर्ट आधी पेपराकडे आणि मग बाबांकडे पाहत राहिला. त्याला माहीत नव्हते, हे आल्बेर्टाला तेव्हा कळले. सकाळपासून ती त्याच्याविषयी जे मनात आणत होती त्याबद्दल तिला वाईट वाटले, पण फार नाही.

बाबांनी नाकारले नाही. एवढे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे.

"तो माणूस इस्पितळात स्वतःच्या मुलाला ओळखत नाही," ते म्हणाले. "मी पाहिलंय. देशाला हे कळायला नको? आणि सांगणार कोण? मी उघड बोललो असतो तर खुर्चीवर डोळा आहे म्हणाले असते. या पदाला तोंडच नाही, आल्बेर्टा. तीन वर्षं मी गप्प बसलोय."

"मग सांगितलंत ते सांगितलंत. वर दार कशाला उघडलंत? आणि त्याचं रसेलनं का भोगायचं?"

"रसेलला दुसरी नोकरी मिळेल," बाबा म्हणाले. "तिची काळजी मी घेतली असती. मला दुसरी संधी मिळणार नाही."

हे ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले, की क्षणभर तिला ते पटेल अशी भीती वाटली. रसेलने खुर्ची मागे सरकवली. तो उठला नाही, नुसता सासऱ्याकडे पाहत राहिला. चौदा वर्षे ज्याच्या घरात त्याने पेपर उघडला नव्हता, त्या माणसाकडे.

"ट्यूनिस," आई म्हणाली, "निकाल जाहीर केलास का तू?"

"काय?"

"मतांचा निकाल. अध्यक्षानं जाहीर करेपर्यंत मत बदलता येतं. तूच शिकवलंयस आम्हाला." तिने हातरुमाल टेबलावर ठेवला. "माझं मत 'नाही'. लिही तसं."



"म्हणजे एकाविरुद्ध तीन," गणिताच्या बाई म्हणाल्या. "बरोबरी नाही. तुझं मत धरायचं कारणच उरलं नाही, ट्यून."

आई आता रसेलकडे वळली होती. तिचे डोळे भरले होते. "मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता," ती म्हणाली. रसेलने मान हलवली.  त्याने आईला माफ केले की नाही, हे आल्बेर्टालाही कळले नाही, आणि तिने स्वतः त्याच्यावर घेतलेला संशय त्याला कधी सांगायचा, हा प्रश्न पुढे उभाच होता.

बाबांनी सुरी उचलली.  "बाजूने एक, विरोधात तीन," ते म्हणाले. "ठराव फेटाळला."

पावणेचार झाले होते. लॅम्बर्ट सवयीने उठला आणि अभ्यासिकेकडे निघाला. तिकडे फोन करून काहीतरी सांगायला तर हवेच होते. आईने त्याला बस म्हटले. नाव ज्याचे आहे त्याने सांगावे, एवढेच ती म्हणाली आणि रिकामी ताटे एकावर एक ठेवू लागली.

बाबा उठले. अभ्यासिकेत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

सगळे त्या बंद दाराकडे पाहत राहिले. आत फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. ते कुणाचे नाव सांगतील, हे या टेबलावर छातीठोकपणे कुणालाच सांगता आले नसते, आणि आपल्या बापाबद्दल असे वाटावे याचे आल्बेर्टाला फार वाईट वाटले. तरीही ती उठली. तिने दार उघडले आणि उंबऱ्यात उभी राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिले. रिसीव्हर कानाला होता, दुसऱ्या हाताने ते टेबलाची कड धरून उभे होते. एकदम खूप म्हातारे दिसत होते. त्यांनी तिला बाहेर जायची खूण केली नाही. तीही गेली नाही.

"लिहून घ्या," ते फोनमध्ये म्हणाले. "वासेनार."

पलीकडून काहीतरी विचारले गेले.

"नाही, लॅम्बर्ट नव्हे," बाबा म्हणाले. "ट्यूनिस."